पाचवं शील

ज्याने मला तो पत्ता दिला त्याच्यावरचा माझा राग अजून पुरता गेलेला नाही. सरकारी दवाखान्यातला पोरसवदा डॉक्टर होता तो. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी माझ्याच वर्गात पाढे म्हणत बसला असेल इतका लहान. पाय सुजले म्हणून मी गेलो होतो. त्याने पोट दाबून पाहिलं, डोळ्याखालची कातडी ओढून पाहिली आणि मान वर न करता विचारलं, "रोज किती?"

मी म्हटलं, "काय किती?"

"गुरुजी, बाहेर अजून चाळीस पेशंट बसलेत," तो म्हणाला. मग माझा केसपेपर उलटा करून त्याने त्यावर खरडलं: प्रताप नगर, शाळेची मागची खोली, शनिवार, संध्याकाळी सहा. "तिथे दारू सोडलेली माणसं जमतात. या दुखण्याला माझ्याकडे गोळी नाही."

"कोणती शाळा?"

"तिथे कोणालाही विचारा."

"काय म्हणून विचारू?"

तोवर पुढचा पेशंट स्टुलावर बसलाही होता. काय म्हणून विचारू, हा त्या वेळी माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा प्रश्न होता आणि त्या पोराला तो कळला नाही. केसपेपरची चार घड्यांची पुडी करून मी खिशात कोंबली आणि बाहेर आलो. शिव्या द्यायला कोणी समोर नव्हतं, म्हणून सायकलच्या स्टँडला लाथ मारली. सुजलेल्या पायाने मारली, हे नंतर कळलं.

मी कोण ते आधी सांगायला हवं. उत्तर नागपुरातल्या आमच्या वस्तीत मी मास्तर, महानगरपालिकेच्या शाळेतला. छप्पन सालच्या धम्मदीक्षेच्या वेळी मी सोळा वर्षांचा होतो. बापाने स्वतःला आणि मला पांढरा सदरा शिवून घेतला होता, आणि लाखो माणसांत आम्ही बापलेक उभे राहिलो होतो. बाप मिलमध्ये कामाला होता. पाळी सुटली की पीत असे, त्या काळी बहुतेकांचे बाप पीत. त्या दिवशी त्याने पाच शीलं घेतली. पाचवं शील दारूला न शिवण्याचं. घरी येऊन त्याने चुलीमागची बाटली काढली, नालीत ओतली, आणि मरेपर्यंत पुन्हा थेंब घेतला नाही. त्याने भाषण केलं नाही, कोणाला सांगितलं नाही. मिलमधल्या अडाणी माणसाने एका दिवसात केलं ते. आणि त्याने ज्याला शिकवलं, मास्तर केलं, तो मी तिशीत प्यायला लागलो. बापावरही मला राग येई. इतकं सोपं करून दाखवायची काय गरज होती?

माझा आवाज चांगला होता. अजून आहे. आमच्या विहारात रविवारची वंदना मीच घ्यायचो. एकाने पुढे म्हणायचं, बाकीच्यांनी मागून म्हणायचं, अशी ती रीत. पहिलं शील, दुसरं, तिसरं, चौथं, आणि मग पाचवं. पाचवं म्हणताना माझ्या गालात इलायची असे. वर्षानुवर्षं असे. इलायची तोंडात धरून पाली स्पष्ट म्हणणं सोपं नाही. मी ते इतकं साधलं होतं की लोक म्हणत, गुरुजींचा उच्चार भंतेजींपेक्षा साफ आहे.

यावरही मी थांबलो नाही. जयंतीच्या महिन्यात वस्त्यावस्त्यांतून मला भाषणाला बोलावत. विषय ठरलेला: व्यसनमुक्ती. दारूने आपला समाज कसा नासला, बायाबापड्यांचे हाल कसे झाले, हे मी असं सांगे की पुढच्या रांगेतल्या बाया पदर डोळ्यांना लावत. मंडपाच्या मागे जाऊन दोन घोट घेतल्याशिवाय माझं भाषण रंगत नसे. हे मी आज सांगतो आहे. तेव्हा मला यात काही वावगं दिसत नव्हतं. मला वाटे, मी पितो ते वेगळं आणि लोक पितात ते वेगळं.

त्या वर्षी जयंतीनंतरच्या रविवारी माझी पोरगी वंदनेला माझ्या अगदी जवळ उभी होती. अकरा वर्षांची. मी पाचवं शील म्हणायला तोंड उघडलं आणि तिने नाकाला फ्रॉकची बाही लावली. मुद्दाम नाही केलं तिने. वास आला, नाक झाकलं, इतकंच. पण मागच्या दोन रांगांनी ते पाहिलं. कोणीतरी खोकल्यासारखं केलं.

घरी आल्यावर मी तिच्या थोबाडीत मारली. बायको चहाचं आधण ठेवत होती. पोरगी रडली नाही. गालाला हात लावून माझ्याकडे पाहत राहिली आणि मग आत गेली. परीक्षा आटोपलेली होतीच. तिसऱ्या दिवशी बायकोने पेटी भरली आणि पोरीला घेऊन माहेरी खाप्याला निघाली. दारात मी आडवा झालो.

"कुठं चालली वं? लोक काय म्हणतील?"

"लोकायले तुमीच सांगा," ती म्हणाली. "तुमाले बोलता चांगलं येते."

मी दर दोन-तीन रविवारी खाप्याला जात असे. सासरा कन्हानच्या काठी तुकडाभर शेती करायचा, भला माणूस, माझा मान ठेवायचा. बायको जेवायला वाढायची, शाळेचं विचारायची. पोरगी माझ्याशी बोलत नसे. मी आत आलो की ती वही घेऊन पाठमोरी बसायची. मी पेन नेलं, रिबिनी नेल्या, कंपासपेटी नेली. ती वस्तू घ्यायची आणि बाजूला ठेवायची. एकदा मी चिडून बायकोला म्हटलं, "तिले सांग ना, बापासंग असं वागतात काय?"

"मी सांगणार नाई," बायको म्हणाली. "तिच्या मनात आलं तं बोलेल. नाई तं नाई."

जून गेला, शाळा सुरू झाल्या, पोरीचं नाव खाप्याच्या शाळेत घातलं गेलं, आणि मला न विचारता घातलं गेलं. मी घरी एकटा राहून दुपटीने प्यायलो. मग पाय सुजले. मग तो डॉक्टर.

पहिल्या शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटल्यावर घरी जाऊन आंघोळ केली, इस्त्रीचा सदरा घातला आणि सायकल काढली. आमच्या वस्तीपासून प्रताप नगर म्हणजे शहराचं दुसरं टोक. सीताबर्डी ओलांडून पुढे गेलो तसे रस्ते रुंद होत गेले, घरांना फाटकं आली, फाटकांवर नावांच्या पाट्या आल्या. एका फाटकात एक बाई मोगऱ्याला पाणी घालत होत्या. मी सायकलवरून उतरून विचारलं, "इथे शाळा कुठे आहे?"

"कोणाकडे जायचंय आपल्याला?"

"शाळेत."

"आडनाव काय आपलं?"

हा प्रश्न मी जन्मभर ऐकत आलो आहे आणि तो कशासाठी विचारतात ते मला चांगलं ठाऊक आहे. मी म्हटलं, "बाई, शाळेचा रस्ता आडनावाप्रमाणे बदलतो काय?" बाईंनी पाण्याची झारी खाली ठेवली आणि आत निघून गेल्या. रस्ता सांगितला नाही तो नाहीच.

कोपऱ्यावर पानठेला होता. तिथे चार माणसं उभी. खिशातल्या केसपेपरवर बोट ठेवून मी पाच मिनिटं तसाच उभा राहिलो. ठेलेवाल्याने विचारलं, "काय पाह्यजे गा?" तोंडातून निघून गेलं, "शिक्षकांची सभा कुठे आहे?" मी मास्तर, मला दुसरं काय सुचणार! ठेलेवाला मोठा मदत करणारा निघाला. त्याने गल्ली, वळण, कडुनिंब, सगळं सांगितलं. तिथे खरोखरच एका शाळेत शिक्षक बसले होते, खेळांच्या स्पर्धांचं काहीतरी ठरवत. त्यातल्या एकाने मला ओळखलं. "अरे, या गुरुजी! तुम्ही इकडे कसे?" मला खुर्ची दिली, चहा दिला. लंगडीचे सामने आधी घ्यावेत की खो-खोचे, यावर माझं मत विचारलं. मी मत दिलं. तासभर बसलो. साडेसात वाजता बाहेर पडलो तेव्हा माझ्या खोट्याने मला अगदी व्यवस्थित खोट्या जागी नेऊन बसवलं होतं.

परतताना वाटेत एक दुकान लागलं. त्याची पाटी मी पुष्कळ आधीपासून वाचत आलो होतो, पण त्या दिवशी सायकल थांबवून वाचली. 'सरकारमान्य देशी दारूचे दुकान.' एवढाली अक्षरं, वर ट्यूबलाइट. आंधळ्यालाही सापडेल. आणि जे सोडू पाहतात त्यांची बैठक कुठे, तर एका शाळेच्या मागे. कोणती शाळा ते माहीत नाही, पाटी नाही, दिवा नाही, आणि विचारायला जावं तर जीभ उचलत नाही. मी त्या पाटीखाली उभं राहून सरकारला, डॉक्टरला आणि त्या न सापडलेल्या मंडळींना आईबहिणीवरून शिव्या दिल्या. मग आत गेलो.

पुढच्या शनिवारी पुन्हा गेलो. का गेलो ते विचाराल तर मला सांगता येणार नाही. आदल्या रविवारी खाप्याला पोरीने माझ्या ताटात पोळी वाढायला नकार दिला होता, एवढं आठवतं. या वेळी मी कोणालाच काही विचारलं नाही. प्रताप नगरातल्या एकेका शाळेला सायकलने फेरी मारत सुटलो. एका शाळेसमोर एक रिक्षावाला पाय वर घेऊन विडी ओढत बसला होता. मी तिसऱ्यांदा समोरून गेलो तेव्हा त्याने हाक मारली.

"अरे भाऊ! तीन चक्कर हो गये तुम्हारे. वो दारू छोड़नेवालों को ढूंढ रहे क्या? पीछे के गेट से जाव, उधरच बैठते वो लोग!"

अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडला. समोरच्या गच्चीवर कपडे काढणारी बाई थांबून बघायला लागली. मला त्या रिक्षावाल्याचा गळा धरावासा वाटला. माझ्या कपाळावर लिहिलं होतं काय? पांढरा सदरा, खिशाला पेन, गालात इलायची, आणि तरी त्या माणसाने मला रस्त्यावरून जाताना ओळखलं. मी मागच्या फाटकाने आत शिरलो, ते निम्मं त्याच्या नजरेतून सुटायला.

खोली तिसरीच्या वर्गाची होती. भिंतीवर बाराखडी, कोपऱ्यात झाडू, फळ्यावर सकाळचा अर्धा पुसलेला भागाकार. आठ माणसं मुलांच्या बाकांवर बसली होती, गुडघे छातीशी आलेले. मी मुलांना बसवतो तसंच मला बसावं लागलं. एक म्हातारा किटलीतून चहा ओतत होता. रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झाला होता, हे नंतर कळलं. त्याने माझ्या हातात कप दिला.

"या. नाव सांगा तुमचं. आडनाव नोका सांगू, इथं लागत नाई."

आदल्याच शनिवारी त्या फाटकातल्या बाईने काय विचारलं होतं ते आठवलं. एखाद्याला बरं वाटलं असतं. मला संशय आला. आडनाव नको म्हणतात म्हणजे यांनी आधीच ओळखलं असणार, असं मी धरून चाललो. मी नाव सांगितलं आणि कडेला बसलो.

एक माणूस बोलत होता. गोरा, चष्म्याचा, कचेरीत कारकून. तो म्हणाला की त्याची बाटली देवघरात, तांब्याच्या मोठ्या कलशामागे असे, कारण आंघोळीशिवाय बायको तिथे हात लावत नसे. रोज पूजा तोच करायचा. घरात सगळे म्हणत, याच्याइतका देवभोळा कोणी नाही. एवढं बोलून तो थांबला, आज एकतीस दिवस झाले म्हणाला आणि बसला. कोणी वाहवा केली नाही, कोणी चुकचुकलं नाही. म्हातारा म्हणाला, "बरं. पुढचे?"

माझं डोकं फिरायला लागलं होतं. ही काय सभा झाली? अध्यक्ष नाही, तसबीर नाही, हार नाही, प्रास्ताविक नाही. एक माणूस देवघरात बाटली लपवतो म्हणतो आणि बाकीचे ग्लुकोजची बिस्किटं बुडवून खातात! आमच्या वस्तीत पोरांच्या क्रिकेटची सभा याहून शिस्तीत होते. माझी पाळी आली तेव्हा मी उठून उभा राहिलो, सदरा खाली ओढला आणि सुरुवात केली: "सन्माननीय व्यासपीठ, आणि उपस्थित बंधूंनो..."

व्यासपीठ कुठे होतं? समोर भागाकार होता. पण मला सभा म्हटली की असंच उभं राहायचं माहीत होतं. आमच्याकडे माणूस सभेत उठला की समाजाबद्दलच बोलतो. स्वतःबद्दल बोलणं म्हणजे मिरवणं, असं आम्ही शिकलो. मी वीस मिनिटं बोललो. दारूने उद्ध्वस्त झालेली घरं आणली, मिलमधले कामगार आणले, माझा बाप आणला आणि नालीत ओतलेली बाटली आणली. चुलीजवळ उपाशी झोपलेली मुलं आणली. ती कोणाची होती कोण जाणे, माझी नव्हती. शेवटी मूठ वर नेऊन आवाज चढवला आणि थांबलो. माझ्या सगळ्या भाषणांत तिथे टाळ्या पडतात.

चष्मेवाला कारकून कपाच्या तळाकडे पाहत होता. म्हातारा म्हणाला, "च्या घ्या अजून थोडा."

बैठक सुटली. मी सायकलचं कुलूप काढत होतो तेव्हा म्हातारा मागून आला.

"आवाज चांगला आहे तुमचा."

"सगळे म्हणतात."

"दारूबद्दल लय बोलले तुमी. तुमच्याबद्दल काईच नाई बोलले."

मी वळलो. "म्हणजे काय?"

"पुढच्या शनिवारी या. एकच वाक्य बोला. बाकीचं राहू द्या."

"तुमी मले शिकवता काय?" मी ओरडलो. "मी वीस वर्षं शिकवून राहिलो! दहा-दहा हजार लोकायसमोर बोललो मी. तुमच्या या आठ जणायले माझं भाषण पचत नाई तं मी काय करू? येणारच नाई मी उद्यापासून!"

"उद्या नाई," म्हातारा म्हणाला. "शनिवारी."

त्याला रागच येईना. माझ्यासमोर कोणी चिडत नाही तेव्हा मला सगळ्यात जास्त राग येतो. मी तिथून निघालो तो सरळ त्या सरकारमान्य पाटीखाली गेलो.

पण शनिवारी गेलो. त्या म्हाताऱ्याला चांगलं सुनवायचं म्हणून गेलो. वाटेत मुद्दे काढून ठेवले होते. खोलीत बसलो, कारकुनाचे अडतीस दिवस झाले ते ऐकलं, आणि माझी पाळी आली तेव्हा मुद्दे आठवेनात. एकच वाक्य. मी पितो. दोन शब्दांचं वाक्य, माझ्या वर्गातलं पहिलीचं पोर वाचेल. पाणी आण. कमळ बघ. मी पितो. ओठापर्यंत येई आणि तिथे अडके. मी म्हटलं, "आज नाही." म्हातारा म्हणाला, "बरं. पुढचे?"

तेव्हापासून दर शनिवारी जात राहिलो आणि दर शनिवारी 'आज नाही' म्हणत राहिलो. कोणी हसलं नाही, कोणी ढोसलं नाही. मी मात्र प्रत्येक वेळी चिडून घरी यायचो. त्या चष्मेवाल्याने देवघराचं सांगितलं तेव्हा मला त्याची कीव आली होती. आता मला त्याचा हेवा वाटू लागला. तो सांगून मोकळा झाला होता. माझी इलायची अजून माझ्या गालातच होती.

तरी प्यायचं कमी झालं. मग थांबलं. एकोणीस दिवस थांबलं. विसाव्या दिवशी, एका बुधवारी, शाळेत तपासणी झाली. तपासनीस साहेबाने माझ्या वर्गात माझ्याच मुलांसमोर माझ्या अक्षराला नाव ठेवलं, कारण खडू धरलेला हात थरथरत होता. एकोणीस दिवसांनी थरथर जाते असं मला कोणी सांगितलं होतं? गेली नव्हती. संध्याकाळी मी प्यायलो. साहेबावर राग काढला असं तेव्हा म्हटलं. साहेबाला काय त्याचं!

शनिवारी बैठकीला गेलोच नाही. कोणत्या तोंडाने जाणार, आणि गेलो तर विसाव्या दिवसाचं सांगावं लागेल. रविवारी सकाळची एस.टी. पकडून सावनेरवरून खाप्याला गेलो.

सासऱ्यांच्या मोहल्ल्यात पत्र्याचं छोटं विहार आहे. जावई आला की वंदना त्याने घ्यायची, असा सासऱ्यांचा हौसेचा नियम. मी पोहोचलो तेव्हा सगळे जमलेलेच होते. सासरे म्हणाले, "या जवाई, तुमच्यासाठीच थांबलो." मी पाय धुऊन पुढे जाऊन उभा राहिलो. उदबत्ती लागली होती. बायकांच्या बाजूला, पहिल्या रांगेत, माझी बायको आणि तिच्याजवळ पोरगी. वेणी घट्ट घातलेली, हात जोडलेले, नजर तसबिरीवर, माझ्यावर नाही.

मी सुरुवात केली. पहिलं शील म्हटलं, लोकांनी मागून म्हटलं. दुसरं. तिसरं. चौथं खोटं न बोलण्याचं आहे. ते मी म्हटलं आणि मला ते ऐकू आलं. पंचवीसेक वर्षं म्हणत होतो, त्या दिवशी ऐकू आलं. मग पाचव्यासाठी तोंड उघडलं. तोंडाला वास नव्हता. गालात इलायची नव्हती. बुधवार होऊन चार दिवस झाले होते, त्या पत्र्याखाली कोणाला काही कळलं नसतं. नेहमीच्या आवाजात म्हणून मोकळा झालो असतो. आणि आवाज निघेना. मी तसाच, तोंड उघडं टाकून, उभा राहिलो.

मला वाटलं, आता होईल जे व्हायचं ते. कोणीतरी विचारेल, गुरुजी काहून थांबले? सासरे पुढे येतील. बायको मान खाली घालेल. होऊ दे एकदाचं, असंही वाटलं.

मागून कोणीतरी पाचवं शील म्हणायला लागलं, आणि मग सगळ्यांनी म्हटलं. एका सुरात, खणखणीत. मी पुढे म्हटलं की नाही याकडे कोणाचं लक्षच नव्हतं. तोंडपाठ होतं सगळ्यांना, जीभ आपोआप पुढे गेली. मी पुढचं घेतलं, वंदना पार पडली, 'साधु, साधु' असा साधुकार झाला, पोरांना खडीसाखर वाटली. सासऱ्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

"आज आवाज लय मस्त लागला जवाई."

मी त्यांच्याकडे पाहतच राहिलो. असा संताप मला उभ्या आयुष्यात आला नव्हता, डॉक्टरचा नाही, रिक्षावाल्याचा नाही, साहेबाचा नाही. इतकी वर्षं मी खोटं म्हणत होतो तेव्हा हे लोक वाहवा करत होते. आज खोटं म्हणवेना म्हणून गप्प राहिलो, तरी वाहवाच! मी म्हटलं काय आणि नाही म्हटलं काय, यांना फरकच पडत नसेल तर मी इतकी वर्षं कोणासाठी म्हणत होतो? तिथे कोणाशी बोललो असतो तर भांडणच झालं असतं. मी विहाराच्या मागे हातपंपावर गेलो आणि तोंडावर पाणी मारत बसलो.

दांडा कोणीतरी हापसायला लागलं. मी तोंड पुसून वर पाहिलं. पोरगी होती, पाण्याची गुंडी भरायला आली होती. मी बाजूला सरकलो. ती पंप मारत राहिली. पाणी गुंडीच्या काठावरून सांडायला लागलं तरी मारत राहिली.

"पाचवं काहून नाई म्हटलं?"

एप्रिलपासूनचा तिचा माझ्याशी हा पहिला शब्द. तोही पंपाकडे पाहून.

"त्याचं असं आहे बेटा," मी म्हटलं, "माणसाच्या जीवनामध्ये काही प्रसंग असे येतात की..."

तिने दांडा सोडला आणि गुंडी उचलायला वाकली. माझं भाषण सुरू झालेलं तिने ओळखलं होतं. घरात ऐकून ऐकून तिला ते माझ्याइतकंच पाठ होतं.

"मी पितो म्हणून," मी म्हटलं. "बुधवारीबी पिलो."

ती सरळ उभी राहिली. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा तिने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं ती रडेल, किंवा आईला हाक मारेल, किंवा तिला माझी दया येईल. त्यातलं काही झालं नाही. माझा संताप माझ्यात अजून उरला होता, तसाच तो तिच्या कपाळावर दिसत होता. नाक, ओठ आईचे, पण तो राग सगळा माझा.

"मग इतके दिवस काहून म्हणून राहिले होते?"

मी तोंड उघडलं. वीस वर्षं शिकवलं होतं, दहा-दहा हजारांपुढे बोललो होतो. आता पोरगी भरलेली गुंडी पायाशी ठेवून उत्तराची वाट पाहत उभी होती.